उलट्या चहाची माझी पाळी

अप्पा, तुम्ही म्हणायचात, या जर्मनीत टेर्मिन, म्हणजे आधी ठरवलेली वेळ, घेतल्याशिवाय माणूस मरतसुद्धा नसेल. मरता येतं, अप्पा. जळता येत नाही. तुमच्या दहनाची तारीख मिळेपर्यंत आम्ही आठवडाभर ताटकळलो. अंत्यविधीची व्यवस्था बघणारा माणूस इतका अदबशीर होता की मला त्याचा रागच आला. हळू आवाजात विचारतो, निरोपाच्या वेळी संगीत कुठलं लावायचं? निखिल माझ्या तोंडाकडे बघायला लागला. मी म्हटलं, संगीत कसलं, त्यांना अमेरिकन सिनेटची सुनावणी लावा म्हणावं. मराठीत म्हटलं म्हणून बरं. तुमचा मुलगा त्या चकचकीत टेबलापाशी आधी हसला आणि मग ओक्साबोक्शी रडला. तो माणूस बिचारा पाण्याचा ग्लास आणायला धावला.

गुरुवारी गेलात. इथे दुपारचे चार वाजतात तेव्हा वॉशिंग्टनला सकाळचे दहा, कमिट्या बसायची वेळ. म्हणून तुम्ही चहा घेऊन खुर्चीत. माझी ईरा शाळेतून आली तेव्हा टीव्हीवर कोणी सिनेटर कोणावर तरी खेकसत होता आणि तुमची मान कलली होती. तिला वाटलं, डोळा लागला. पोरीनं टीव्हीचा आवाज बारीक केला, तुमच्या पायांवर पांघरूण घातलं आणि शेजारी जमिनीवर बसून गृहपाठ केला. मी कारखान्यातून आले तर तोंडावर बोट ठेवून मला जर्मनमध्ये म्हणते, हळू, आजोबा झोपलेत. मी तुमच्या हाताला हात लावला. नंतर किती वेळ मी बुटांसकट तशीच उभी होते, ते मला सांगता येणार नाही.

तुमचं चरित्र मी लिहीत बसत नाही. ते इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर येऊन गेलं, तुमच्या दैनिकाचं नाव चुकवून, आणि खाली हात जोडलेल्यांची रांग. तुम्ही असतात तर आधी चूक दुरुस्त करायला लावली असतीत आणि मग मेला असतात. मला बोलायचंय ते वेगळंच. आपलं एक भांडण अर्धवट राहिलंय. तुमचं बोलून झालं होतं. माझी पाळी होती, आणि मी उठून गेले.

सासूबाई गेल्यावर तुम्ही आमच्याकडे नेकारसुल्मला आलात तेव्हा मी मनात म्हटलं होतं, आता घरात एक म्हातारं माणूस, औषधं, पथ्य, अबोला. कसला अबोला! पहिल्याच रविवारी तुम्ही विचारलंत, "मेधा, तुमच्या घरात वाद कधी घालतात?" मी म्हटलं, "अप्पा, कारखान्यात आठवडाभर मोटारींच्या दरवाज्यांच्या फटी मोजते आणि लोकांशी वादच घालते. रविवारी मला माफ करा." तुम्ही म्हणालात, "तो वाद नव्हे, ती तक्रार." आणि मग तुम्ही उलटा चहा काढलात.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. तालुक्याच्या गावातलं तुमचं ते छोटं दैनिक. तिथले तुमचे संपादक अग्रलेख लिहायच्या आधी चहा मागवायचे. ज्यानं लेख लिहायचा, त्यानं तो कप संपेपर्यंत स्वतःच्या मताच्या विरुद्ध बोलायचं. मनापासून. टिंगल केली तर कप काढून घ्यायचे. मध्ये कोणी बोलायचं नाही, आणि चहा संपला की बोलणं संपलं, पाळी दुसऱ्याची. दोन्ही बाजू अशा घोटून झाल्या की मग जा आणि लिही. तुम्ही जन्मभर तसं केलंत आणि ती सवय बॅगेत घालून इथं आणलीत. लोणच्याच्या बरण्या विमानतळावर काढून घेतल्या त्यांनी. ही राहिली.

निखिल दोन रविवार बसला आणि पळाला. त्याला भांडणं सहन होत नाहीत, तो तुमचा मुलगा शोभतच नाही. राहिलो आपण दोघं. मला आधी लाज वाटायची, सासऱ्यांसमोर काय तोंड चालवायचं. तुम्हीच एकदा म्हणालात, "अगं, लोकशाहीत पत्रकार म्हणजे घरातली आगाऊ सून. सगळ्यांना नकोशी, पण तिच्याशिवाय घरात काय कुजलंय ते कळत नाही." मी विचारलं, "हे कौतुक आहे की टोमणा?" तुम्ही बशीत चहा ओतत म्हणालात, "चहा संपल्यावर सांगतो." सांगितलं नाहीत ते नाहीतच.

आणि तुमची ती अमेरिका! गावाबाहेर कधी फारसे गेला नाहीत, पण अमेरिकेची राज्यघटना तुम्हाला आरतीसारखी पाठ. आणीबाणीत सेन्सॉरचा अधिकारी तुमच्या प्रुफांवर लाल रेघा मारून द्यायचा, तेव्हा तुम्ही पोरसवदा उपसंपादक होतात. त्या दिवसांत कोणाकडून तरी तुम्हाला एक जुनं पुस्तक मिळालं आणि त्यात ती पहिली दुरुस्ती वाचलीत. तेव्हापासूनचं हे प्रेम.

"मेधा, आपली घटना म्हणते, बोल बाई, तुला हक्क दिला, पण. जर्मनांचा 'पण' तर आपल्याहून मोठा. अमेरिकनांची पहिली दुरुस्ती बघ. ती जनतेला काही देतच नाही. ती सरकारला दम देते. म्हणते, बोलणाऱ्याच्या, छापणाऱ्याच्या वाटेला जाईल असा कायदा तू करायचाच नाहीस. समजलं? जा आता."

"आणि मग कोणीही उठावं आणि उचलली जीभ लावली टाळ्याला?"

"लावू दे की! जीभ त्याची, टाळू त्याची."

मी या देशाच्या बाजूची. इथे काही झेंडे, काही सलाम, काही वाक्यं कायद्यानं बंद आहेत, आणि का बंद आहेत ते ईराच्या शाळेच्या वाटेवर फुटपाथमध्ये बसवलेल्या पितळी पाट्या सांगतात. छळछावण्यांत नेऊन मारलेल्या माणसांची नावं, ती ज्या घरात राहायची त्याच्याच दारापुढे. मी म्हणायचे, अप्पा, ज्याचं घर एकदा जळलंय तो काडेपेटी वरच्या फळीवर ठेवणारच. तुम्हाला हे पटायचं नाही, पण उलट्या चहात तुम्ही माझी बाजू अशी मांडायचात की मला हेवा वाटायचा. आणि मला तुमच्या पहिल्या दुरुस्तीची वकिली करावी लागायची. मी कारखान्यातल्या मीटिंगसारखी अडखळत, "आल्झो... गेनाऊ..." अशी जर्मन पालुपदं लावत बोलायचे. तुम्ही कपाआडून बघायचात, आणि नियम म्हणून हसायचा नाहीत.

फ्राऊ क्लाइनचा तो रविवार आठवतो? खाली राहणाऱ्या आपल्या शेजारीण बाई. रविवार म्हणजे इथे शांतता, रिकाम्या बाटल्यासुद्धा काचेच्या कचऱ्याच्या पिंपात टाकायच्या नाहीत. आणि आपण दोघं तावातावानं अमेरिकन सुप्रीम कोर्टावर. बेल वाजली. बाई दारात, चेहरा पांढरा. मला बाजूला घेऊन विचारतात, हा म्हातारा तुम्हाला त्रास देतो का? पोलिसांना बोलवू? मी पोट धरून हसले. त्यांना आत आणलं, चहा दिला, मोडक्यातोडक्या इंग्रजीत तुम्ही खेळ समजावलात. त्या पूर्व जर्मनीत वाढलेल्या, भिंत पडल्यावर इकडे आल्या. ऐकून म्हणाल्या, आमच्याकडे सगळा देशच हा चहा प्यायचा. जिन्यात एक बोलायचं, स्वयंपाकघरात दुसरं. फक्त तुमचा कप संपतो, आमचा संपायचा नाही.

मी भाषांतर केलं तेव्हा तुम्ही कप खाली ठेवलात. तुमचा चहा त्या दिवशी तसाच राहिला.

मग फेसबुक. निखिलनं तुम्हाला खातं काढून दिलं आणि पस्तावला. तुम्ही रोज लिहायला लागलात, मराठीत, परिच्छेद पाडून, शीर्षक देऊन. विषय एकच. वाचणारे कोण? गावचे निवृत्त मास्तर, एक जुने कंपोझिटर आणि तुमचा तो मावसभाऊ, जो प्रत्येक पोस्टखाली गुलाबाचं फूल ठेवायचा, मग मजकूर मरणाचा असो. तुम्हाला त्याचं काही नव्हतं. तुम्हाला अमेरिकेचं दुःख होतं. अडचणीचा प्रश्न विचारणाऱ्या बातमीदाराला दार बंद होतं म्हणून दुःख. मोठमोठ्या वाहिन्यांचे मालक सत्तेपुढे मवाळ होतात म्हणून दुःख. सगळ्यात जास्त राग तुमचा तिथल्या काँग्रेसवर, म्हणजे त्यांच्या संसदेवर. "राष्ट्राध्यक्षानं अधिकार ओढून घेतले तर समजू शकतो, सत्ता आहे, हात लांब होतो. पण यांनी आपणहून दिले गं! आपल्या अधिकारासाठी भांडत नाहीत, मूग गिळून बसलेत." जावई बिघडल्यासारखे बोलायचात तुम्ही. परक्याबद्दल कोणी इतकं कळवळून बोलत नाही.

आणि तिकडे त्याच देशात केतकीला मुलगी झाली.

आपली केतकी. निखिलच्या पाठची, तुमची लाडकी, लहानपणी तुमच्या कचेरीत प्रुफांच्या रद्दीवर झोपलेली पोर. तिच्या मीराला तुम्ही फोनच्या काचेतून पाहिलंत. ती बाळी तुमचा आवाज ऐकला की पाय झाडायची. केतकीला इकडे येणं शक्य नव्हतं. कामाचा व्हिसा, शिक्का नव्यानं घ्यायचा, बाहेर पडलं तर परत आत यायला किती महिने लागतील याचा भरवसा नाही. मग ठरलं, तुम्हीच जायचं. व्हिसाचा अर्ज भरायला मी लॅपटॉप घेऊन बसले, तुम्ही पासपोर्ट घेऊन शेजारी. नाव, गाव, आईवडिलांचं नाव, सगळं भरलं. आणि तो प्रश्न आला. समाजमाध्यमांवरची तुमची खाती कोणती?

मी थांबले. तुम्ही चष्मा वर करून म्हणालात, "लिही की. फेसबुक. लपवायचंय काय?"

"अप्पा, आधी ते सगळं काढून टाकू. मग लिहू."

"सगळं म्हणजे?"

"अमेरिकेबद्दलचं."

"मग राहतं काय? दिवाळीच्या शुभेच्छा?"

तुम्ही थट्टेवारी नेलंत, मी चिडले. म्हटलं, "मराठीत आहे म्हणून कोणी वाचत नाही असं समजू नका, आता यंत्रं वाचतात." तुम्ही म्हणालात, "वा! म्हणजे मावसभाऊ सोडून एक तरी वाचक मिळाला." मी लॅपटॉप मिटला. नंतर केतकीचा फोन आला. ती काही वाद घालणारी नाही, तिनं एवढंच म्हटलं, "अप्पा, प्लीज. माझ्यासाठी काढा. माझं नाव तुमच्या नावाला लागलेलं आहे. मला इथे भीती वाटते." तुम्ही ऐकून घेतलंत. "बघतो बाळा," म्हणालात.

मी त्या दिवशी तुमच्यावर मनापासून चिडले होते. अजून आहे. कदाचित कोणी काही पाहिलं नसतं. कदाचित व्हिसाच्या खिडकीपलीकडच्या माणसानं हसून शिक्का मारला असता. अर्ज केलाच नाही, तर कळणार कसं? कोणी तुम्हाला नाही म्हटलेलं नव्हतं. हेच तर मला खुपतं. भांडायला समोर कोणी नाही, आणि तरी तुम्ही गेला नाहीत.

पुसलं नाहीत. पण त्या फोननंतर तुम्ही एक ओळ लिहिली नाहीत, हे आमच्या उशिरा लक्षात आलं. ईरानं सांगितलं. आजोबा आता टाइप करत नाहीत, म्हणाली. चार वाजले की खुर्चीत बसायचात, सुनावणी बघायचात, हात गुडघ्यावर. मध्येच ओठ हलायचे. मी विचारलं, "लिहीत का नाही?" तर तुम्ही टीव्हीवरून नजर न काढता म्हणालात, "सेन्सॉरच्या वेळी बरं होतं गं. कात्री त्याच्या हातात असायची, मला त्याच्याशी भांडता यायचं. आता कात्री माझ्याच हातात दिलीय, आणि देणारी माझी लेक आहे. कोणाशी भांडू?"

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा, पण दाबणारा हात केतकीचा. मी तिलाही दोष देत नाही. तान्ही पोर मांडीवर असलेल्या बाईला मी काय सांगू, शूर हो?

मग तो शेवटचा रविवार. बाहेर द्राक्षांच्या मळ्यांत तोडणी चालू होती, ट्रॅक्टरचा आवाज येत होता. तुम्ही दोन कप आणलेत, आलं घालून, आणि म्हणालात, "मेधा, आज हाच विषय. पुसावं की पुसू नये. मी तुझ्या बाजूनं बोलतो."

मी नको म्हणायला हवं होतं, पण तुम्ही सुरू केलंत.

"लेख म्हणजे काय गं? रद्दी. मी जन्मभर रद्दी छापली. सकाळी अग्रलेख, संध्याकाळी त्यात भेळ. कोणाच्या भेळेला माझं मत लागलं असेल, त्यानं बोटं चाटून कागद फेकला असेल. मला कधी वाईट वाटलं नाही. मग आजच हा ताठा कसला? एका परक्या देशाच्या राष्ट्राध्यक्षाबद्दल एका म्हाताऱ्याला काय वाटतं, याची कोणाला पडलीय? एकीकडे ते, आणि एकीकडे तान्हं बाळ. ती मला आवाजानं ओळखते, मेधा. वासानं नाही ओळखत. केतकी जन्मली तेव्हा मी तिला पहिल्यांदा घेतलं आणि तिनं माझ्या सदऱ्यावर दूध ओकलं. तो सदरा मी दुसऱ्या दिवशी तसाच घालून कचेरीत गेलो. सगळे हसले. तत्त्व मांडीवर घेता येत नाही. नातीला घेता येतं. बोट लावायचं आणि पुसायचं, एवढंच आहे. जो हे करत नाही तो शूर नाही, हेकट आहे. आणि हेकट म्हातारे एकटे मरतात."

तुमचा चहा संपला. तुम्ही कप उलटा करून दाखवलात, नेहमीसारखा. तुमचे डोळे भरले होते आणि तुम्ही ते लपवत नव्हता. माझं मत माझ्यापेक्षा चांगलं मांडलं होतंत तुम्ही. आता मी तुमची बाजू मांडायची होती.

मी म्हटलं, "अप्पा, हा खेळ नाही. मला नाही येणार." आणि कप घेऊन उठले, डिशवॉशरमध्ये आदळला. पाठीमागून तुम्ही म्हणालात, "बरं. घाई नाही. पाळी तुझी आहे, विसरू नकोस." तेवढंच. आवाजात राग नव्हता.

मग गुरुवार आला.

दहनानंतरच्या शनिवारी घरी सगळे जमले. झिंडेलफिंगेनहून निखिलचे मित्र, मंडळातली माणसं, फ्राऊ क्लाइन काळा झगा घालून, हातात घरचा प्लमचा केक. तुमचा फोटो टीव्हीच्या बाजूला, आणि टीव्हीवर केतकी, अमेरिकेतल्या तिच्या घरातून, मांडीवर मीरा. तिला येता आलं नाही. बापाला शेवटचं बघायलासुद्धा आली नाही असं गावाकडे दोघातिघांनी म्हटलंच. त्यांना मी फोनवर काय सुनावलं ते इथे लिहीत नाही. गावच्या मंडळींसाठी निखिल सगळं फोनवर रेकॉर्ड करत होता. मास्तरांनी आधीच कळवलं होतं, फेसबुकवर टाका, म्हणजे सगळ्यांना बघता येईल.

सगळे बोलले. चांगलं बोलले, त्यामुळे कंटाळा आला. मग केतकी म्हणाली, "मी अप्पांचं शेवटचं लिहिलेलं वाचते."

मला ठाऊक होतं ते काय आहे. मी उठून टीव्हीजवळ गेले आणि दबक्या आवाजात म्हटलं, "केतकी, रेकॉर्डिंग चालू आहे. बंद करते, मग वाच."

तिनं मीराकडे पाहिलं. मीरा आपली मुठी तोंडात कोंबत होती. निखिलचा हात फोनवर तयार होता.

"नको, वहिनी. राहू दे."

"अगं पण—"

"मी त्यांना गप्प केलं होतं. आता मला वाचू दे."

आणि तिनं वाचलं, अप्पा. तुमचंच, तुमच्या त्या ठाशीव वाक्यांत. "आमच्या गावच्या नगरपालिकेच्या बैठकीत मी नळाच्या पाण्याचा प्रश्न विचारला म्हणून अध्यक्षांनी मला उठवून बाहेर घालवलं होतं. दुसऱ्या दिवशी आमच्या अंकात ती बातमी आली. तिसऱ्या दिवशी नळाला पाणी आलं. प्रश्न विचारणाऱ्याला उठवता येतं, प्रश्नाला उठवता येत नाही, तो खुर्चीत बसून राहतो. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना हे कोणीतरी कळवावं. पत्ता मिळाल्यास मी स्वतः कळवीन."

शेवटच्या वाक्याला लोक हसले. रडणारे लोक कसे हसतात तसे. केतकीचा आवाज मध्ये दोनदा गेला, पण तिनं एक शब्द गाळला नाही. मी सांगते ना, मी टीव्हीशेजारी उभी राहून बघत होते. फ्राऊ क्लाइनना मराठीचं एक अक्षर कळत नाही. त्यांनी मला नंतर विचारलं, ती काय वाचत होती? मी म्हटलं, नळाच्या पाण्याबद्दल. त्यांनी मान हलवली आणि केक कापायला घेतला.

निखिलनं संध्याकाळी ते टाकलं. टाकण्याआधी केतकीला दोनदा विचारलं, दोन्ही वेळा ती हो म्हणाली. पहिला प्रतिसाद मावसभाऊंचा. गुलाबाचं फूल. तिकडे केतकीचं काय होईल मला ठाऊक नाही. काहीच होणार नाही, असं मी स्वतःला सांगते. फोन वाजला की आधी तिचं नाव बघते. मी तुम्हाला "तुम्ही जिंकलात" असं म्हणणार नाही, कारण जिंकलेला माणूस खुर्चीत बसलेला असायला हवा होता, मला चिडवत.

पण नियम म्हणजे नियम. काल रविवार होता. मी आलं किसलं, चहा केला. निखिल बाहेर गेला होता. ईरा येऊन तुमच्या खुर्चीत बसली, कोकोचा मोठा कप घेऊन, आणि जर्मनमध्ये विचारलं, आज कोण बोलणार? मी म्हटलं, मी. माझी पाळी आहे.

मी तुमची बाजू मांडली, अप्पा. मनापासून. म्हटलं, आजोबांनी पुसलं नाही ते बरोबर केलं. दारात शिपाई आला असता आणि म्हणाला असता, पुसा, तर आपण सगळे आजोबांच्या पुढे उभे राहिलो असतो, मी सगळ्यात आधी. पण शिपाई आलाच नाही. त्याचं काम आम्हीच केलं, घरच्यांनी, प्रेमानं, काळजीनं. माणसाला गप्प करायचं तर त्याच्या लेकीला घाबरवायचं, ती उरलेलं करते. आजोबांना हे कळलं होतं. त्यांनी लिहिणं थांबवलं ते केतकीआत्यासाठी, कारण ती मागत होती आणि त्यांचा तिच्यावर जीव होता. पण जे लिहून झालं होतं ते खरं होतं, आणि ते खोटं होतं असं त्यांना सांगायचं नव्हतं. तेवढंच राखलं त्यांनी. सगळं पुसून जो विमानात बसला असता, तो मीराकडे गेला असता, हो, पण मीराला तिचे आजोबा भेटले नसते. दुसरंच कोणीतरी भेटलं असतं.

अडखळले नाही. आल्झो नाही, गेनाऊ नाही. तुम्ही ऐकायला हवं होतंत. मला वाटलं, जमलं मला. चहा संपला. मी कप उलटा करून दाखवला.

ईरानं शाळेत करतात तसं बोट वर केलं. तिची पाळी होती. कोको न पिता, कपात बघत, ती जर्मनमध्ये म्हणाली, पण मग त्यांनी मीराला एकदा तरी उचलून घेतलं असतं.

मग तिनं एक छोटा घोट घेतला. तिच्या कपात अजून पुष्कळ कोको होता. मध्ये बोलायचं नाही, हा तुमचा नियम, अप्पा. तिचा कप संपेपर्यंत मी समोर बसून राहिले.